१९१२१९६१ : एका तारखेची उलटतपासणी

गोवा मुक्तिदिनाच्या सुट्टीत भाची साखळीला आमच्याकडे आली होती. जेवणे उरकून सगळे सोप्यावर बसले असताना तिने १९ डिसेंबर १९६१ ही तारीख मधे जागा न सोडता वहीत लिहिली, १९१२१९६१, आणि विचारले, "मामा, ही मूळ संख्या असेल?" मी तोंड उघडायच्या आत तिचे वडील, म्हणजे आमचे भावोजी, म्हणाले, "अंकांची बेरीज तीस, म्हणजे भाग्यांक तीन. गुरूचा अंक. शुभ आहे." याच हिशोबाने त्यांनी गाडीच्या नंबरासाठी जादा पैसे मोजले आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

गंमत अशी की भावोजींनी नकळत लेकीच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले होते. अंकांची बेरीज ३०, तिला ३ ने भाग जातो, म्हणून त्या अख्ख्या संख्येलाही ३ ने भाग जातो. म्हणजे १९१२१९६१ ही मूळ संख्या नाही. विषय तिथेच संपला असता, पण भाचीने पुढचा प्रश्न टाकला: "मग कसली आहे?" त्या 'कसली'चे उत्तर शोधण्यात आमची दुपार आणि संध्याकाळचा चहा गेला. तीच रीत इथे क्रमाने देतो. सात ते नऊ अंकी कुठल्याही संख्येला ती चालते. वही, पेन्सिल आणि दुकानदाराकडे असते तसले साधे गणकयंत्र एवढे पुरे.

आधी संख्येची उंची मोजा

ती नीट वाचा: एक कोटी एक्क्याण्णव लाख एकवीस हजार नऊशे एकसष्ट. आठ अंकी, शेवटी १, म्हणजे विषम. मग वर्गमूळ काढा. ४३७२ चा वर्ग १,९१,१४,३८४ आणि ४३७३ चा १,९१,२३,१२९. आपली संख्या या दोघांच्या मधे अडकते, म्हणून ती पूर्णवर्ग नाही. पण वर्गमूळ काढण्याचा खरा फायदा दुसराच आहे. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. दोन्ही अवयव ४३७२ च्या वर गेले तर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. म्हणजे शोध कुठे थांबवायचा ती वेस आधीच आखली गेली.

एक खबरदारी. तारीख कुठल्या क्रमाने लिहिली यावर संख्या ठरते. वर्ष आधी लिहून १९६११२१९ केले तर अंक तेच, बेरीज तीच, ३ ने भाग जाणेही तेच, पण पुढे जे सापडणार आहे ते सगळे नाहीसे होते. आम्ही आपल्याकडे लिहितात तसा दिवस आधी ठेवला.

किरकोळ चाळणी

२ आणि ५ शेवटचा अंक पाहूनच गळतात. ३ ने भाग जातो हे कळलेच. ९ ने जात नाही, कारण ३० ला ९ ने जात नाही, बाकी ३ उरते. हीच भावोजींची भाग्यांकाची तीन. १०, १००, १००० अशा प्रत्येक घाताला ९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून अंकांची बेरीज करणे म्हणजे ९ ने भागून बाकी काढणे. शाळेत गुणाकार तपासायला 'नवाचा ताळा' घ्यायचो तो हाच. गुरू ग्रहाचा यात काही हात नाही, पण भावोजींना मी ते दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा त्यांनी चहा मागवला.

आता ७, ११ आणि १३. या तिघांसाठी वेगवेगळे नियम पाठ करत बसू नका. तिघांचा गुणाकार १००१ होतो, म्हणून एकाच हिशोबात तिघेही तपासता येतात. इथे स्वल्पविराम लाख-कोटीचे न देता उजवीकडून तीन-तीन अंकांवर द्यायचे: १९,१२१,९६१. मग उजवीकडून एक गट अधिक, पुढचा उणे, त्यापुढचा अधिक.

९६१ − १२१ + १९ = ८५९

८५९ ला ७ ने भागले तर बाकी ५, ११ ने १, १३ ने १. तिन्ही बाद. आठ अंकी संख्येचे काम तीन अंकी संख्येवर उरकले. ही रीत शाळेत का शिकवत नाहीत, हे मला आजवर कळलेले नाही.

१७ साठी सरळ भागाकार करा, जात नाही. १९ पाशी मात्र भाचीची नजर चांगली लागली. "मामा, सुरुवातीलाच १९ आहे मरे!" बरोबर. आपली संख्या म्हणजे १,९०,००,००० अधिक १,२१,९६१. पहिल्या तुकड्याला १९ ने भाग जाणारच. उरला १,२१,९६१. त्यासाठी सोपी युक्ती आहे: शेवटचा अंक काढा, त्याची दुप्पट करा, उरलेल्या संख्येत मिळवा. असे करत रहा.

१२१९६१: १२१९६ + २ = १२१९८
१२१९८: १२१९ + १६ = १२३५
१२३५: १२३ + १० = १३३
१३३: १३ + ६ = १९

शेवटी नेमके १९ च उरले. म्हणजे भाग जातो. युक्ती चालते कारण संख्येची दुप्पट केली की दहाच्या घरातले वीसपट होतात, आणि वीस म्हणजे १९ च्या एक पुढे. हा वीस लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

३ आणि १९ काढून घेतल्यावर, म्हणजे ५७ ने भागल्यावर, उरते ३,३५,४७३. इथे नवाचा ताळा घ्या: ५७ चा ३, ३,३५,४७३ चा ७, गुणाकार २१, त्याचा ३. १९१२१९६१ चाही ३. जुळले.

३,३५,४७३ : इथे बसकण मारावी लागते

आता वर्गमूळ पुन्हा काढायचे. ५७९ चा वर्ग ३,३५,२४१ आणि ५८० चा ३,३६,४००. म्हणजे आता ४३७२ पर्यंत जायला नको, ५७९ पुरे. अवयव मिळाला की लगेच भागून संख्या लहान करायची आणि वेस नव्याने आखायची, ही या कामातली सगळ्यात किफायतशीर सवय. ती न लावल्यामुळे कॉलेजात असताना मी एकदा अख्खी रात्र घालवली होती.

२ पासून ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. त्यातल्या २, ५, ७, ११, १३, १७ आधीच बाद. ३ आणि १९ मात्र पुन्हा तपासायचे, कारण एखादा अवयव दोनदाही असू शकतो. (३ ने बाकी १, १९ ने बाकी ९. दोन्ही एकेकदाच होते.) बाकीच्यांना एकेक करून भागायचे. भाचीने गणकयंत्र घेतले, मी मूळ संख्यांची यादी वाचू लागलो. २३ ने बाकी १८. २९ ने बाकी १, थोडक्यात हुकले. १०३ ने बाकी २.

२४१ ला ती ओरडली, "गेला! बरोबर १३९२!" मी गणकयंत्र हातात घेतले. पडद्यावर १३९२.००४१ होते. दशांशचिन्हापुढची दोन शून्ये पाहून तिने पुढचे वाचलेच नव्हते. साध्या गणकयंत्रावर ही चूक हमखास होते. म्हणून शंका आली की उलट गुणून पाहावे: २४१ × १३९२ = ३,३५,४७२. एकाने कमी. बाकी १.

२९ ला आणि २४१ ला दोन्हीकडे बाकी १ उरली, हा योगायोग वाटेल. पण त्याचा अर्थ एवढाच की ३,३५,४७२ ला त्या दोघांनी भाग जातो. भाचीने ते फोडून पाहिले: १६ × ३ × २९ × २४१. नेमके ३,३५,४७२. शेजारची संख्या अशी तुकड्या-तुकड्यांची आणि आपली मात्र एकसंध.

एकसंधच, कारण ५७७ पर्यंत एकानेही भाग गेला नाही. शेवटच्या ५७७ ने बाकी २३६. म्हणजे ३,३५,४७३ ही मूळ संख्या, आणि

१९१२१९६१ = ३ × १९ × ३,३५,४७३

संगणकावर हे क्षणात होते. लिनक्सवर 'फॅक्टर' ही आज्ञा देऊन पुढे संख्या टाइप केली की झाले. पडताळा म्हणून ते जरूर करा, पण आधी हाताने करा. बाकी १ उरल्यावर जी धडधड होते ती आज्ञेत नाही.

अवयव हाती आले की बाकीचे वरचे काम

संख्येच्या वर्गीकरणाची मोठमोठी नावे पाहून पुष्कळ जण बिचकतात. पण एकदा मूळ अवयव मिळाले की त्यातली बहुतेक नावे दोन ओळींच्या हिशोबात लावता येतात.

तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा, प्रत्येक एकदाच घेतलेला, गुणाकार असेल तर तिला स्फेनिक संख्या म्हणतात. हा ग्रीक शब्द पाचरेवरून आला आहे. सगळ्यात लहान स्फेनिक संख्या २ × ३ × ५ = ३०. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज तीच, हे भावोजींना सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. कुठलाही मूळ अवयव दोनदा नाही, म्हणून संख्या वर्गमुक्तही आहे.

विभाजक किती? प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, दोन पर्याय, तीन अवयव, म्हणून आठ: १, ३, १९, ५७, ३,३५,४७३, १०,०६,४१९, ६३,७३,९८७ आणि खुद्द संख्या. सगळ्यांची बेरीज एकेक करून करायची गरज नाही. प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणा: ४ × २० × ३,३५,४७४ = २,६८,३७,९२०. (ही सोय अवयव एकेकदाच असतात तेव्हाच.) त्यातून संख्या वजा केली तर ७७,१५,९५९ उरतात. स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज संख्येएवढी झाली तर ती परिपूर्ण संख्या, ६ किंवा २८ सारखी. जास्त झाली तर अधिक, कमी पडली तर न्यून. आपली न्यून, आणि तीही चांगलीच.

आता प्रत्येक अवयवातून १ वजा करून गुणा: २ × १८ × ३,३५,४७२ = १,२०,७६,९९२. एकपासून आपल्या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ सोडून तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या, संख्या इतक्या. याला ऑयलरचे फल म्हणतात, आणि इंटरनेटवर वर्षानुवर्षे वापरात असलेली आरएसए नावाची कुलूपपद्धत यावरच उभी आहे. ज्याला अवयव ठाऊक त्याला हे फल चुटकीसरशी, ज्याला नाहीत तो दारातच. तिथे वापरतात त्या संख्या मात्र सहाशेहून अधिक अंकी.

मला सगळ्यात आवडते ते दोन वर्गांच्या बेरजेचे प्रकरण. नियम असा: ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणारा कुठलाही मूळ अवयव विषम वेळा आला, तर ती संख्या दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. ३ आणि १९ दोघेही त्याच जातीचे, दोघेही एकेकदा. म्हणून १९१२१९६१ दोन वर्गांत फुटत नाही. ३,३५,४७३ मात्र ४ ने भागल्यावर बाकी १ देते, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांत एकाच रीतीने फुटते. ५७९ पासून खाली एकेक वर्ग वजा करत आलो. ४७६ ला उरले १,०८,८९७, आणि ३३० चा वर्ग १,०८,९००. तिघांनी हुकले! आणखी तेरा पायऱ्या उतरल्यावर सापडले:

४६३² + ३४८² = २,१४,३६९ + १,२१,१०४ = ३,३५,४७३

मूळ संख्यांच्या या नादाला लागलेला एक मोठा माणूस गोव्याचाच होता. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, कोसबेन. इतिहासकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण पेशाने ते गणिती. उत्तरायुष्यात मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेले रीमानचे गृहीतक सिद्ध करण्याच्या मागे ते लागले. त्यांची सिद्धता गणितज्ञांनी मान्य केली नाही, आणि ते गृहीतक आजही तसेच उभे आहे.

अंकांच्या गमती

इथपर्यंतचे गुण संख्येचे स्वतःचे. ती रोमन आकड्यांत लिहा की नारळ मांडून दाखवा, अवयव तेच. आता पुढचे गुण तिच्या लिहिण्याचे, म्हणजे दहाच्या पद्धतीत पडलेल्या अंकांचे. यात आपला माणूस म्हणजे देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६).

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद' नाव दिले, आनंद देणारी. आपली बेरीज ३०, संख्या विषम, भाग जाणे शक्य नाही. हर्षद नाही.

कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते. जिला असा कुणी जनक नाही ती स्वयंभू. आपल्या संख्येचा जनक शोधायला मागे सरकत जायचे. ९ च्या हिशोबाने जनकाच्या अंकांची बेरीज ६, १५, २४, ३३, ४२ यांपैकी असावी लागते, म्हणून चार-पाचच उमेदवार. ३३ वर बसला: १९१२१९२८, बेरीज ३३, मिळवल्यावर १९१२१९६१. म्हणजे स्वयंभू नाही.

अंकांचे वर्ग करून मिळवत जायचे आणि १ वर पोचले तर 'आनंदी' असाही एक प्रकार आहे. आपली संख्या २०६, ४०, १६, ३७, ५८ असे करत पुन्हा १६ वर येऊन गरगरत राहते. मला यात फारसे स्वारस्य नाही.

नुसत्या १९६१ वर मात्र कापरेकरांची ६१७४ ची क्रिया करून पाहाच. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा:

९६११ − ११६९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येते. १९६१ ने सातच्या सात वापरल्या. हेच वर्ष इंग्रजी आकड्यांत कागदावर लिहून कागद उलटा धरला तरी तेच दिसते. मराठी आकड्यांत ही गंमत होत नाही. लिहिण्याचे गुण म्हणतो ते हेच.

खंडीचा हिशोब

याच मुद्द्यावर भाची अडली. "मग हर्षद असणे-नसणे काही खरेच नाही?" तेव्हा मला आईचे भाताचे माप आठवले. वीस कुडवांची खंडी, वीस खंडींचा कुंभ. दहाऐवजी वीसने चढणारे माप. १९१२१९६१ कुडव भात त्या मापाने मांडले तर? वीसने भागत जायचे आणि बाकी बाजूला लिहायची: १, मग १८, मग ४, मग १०, मग १९, शेवटी ५. एक कुडव, अठरा खंडी, चार कुंभ. त्यावरच्या मापांना घरात नावे नव्हती, तेवढे भात कुणाच्या शेतात पिकलेच नाही. ताळा पाहा:

५ × ३२,००,००० + १९ × १,६०,००० + १० × ८,००० + ४ × ४०० + १८ × २० + १ = १,९१,२१,९६१

आता या सहा 'अंकां'ची बेरीज: ५ + १९ + १० + ४ + १८ + १ = ५७.

भाचीने माझ्याकडे पाहिले. ५७ म्हणजे ३ × १९. संख्येला ५७ ने भाग जातो हे तर दुपारीच सिद्ध केले होते. म्हणजे दहाच्या लिखाणात हर्षद नसलेली संख्या खंडीच्या लिखाणात हर्षद आहे. बेरजेला १९ ने भाग जाणार हे आधीच सांगता आले असते, कारण दहाच्या पद्धतीत ९ ला जो मान तोच विसाच्या पद्धतीत १९ ला. पण ती बरोबर ५७ यावी, ना ३८ ना ७६, हे नशीब. भावोजी म्हणाले, "म्हणजे शुभच." यावेळी मी वाद घातला नाही.

संख्या याहून मोठी असेल तर

बारा-पंधरा अंकांच्या पुढे हाताने भागत बसणे व्यर्थ. तिथे आधी संख्या मूळ आहे की नाही एवढेच तपासतात, अवयव न शोधता. फर्माची कसोटी त्यासाठी जुनी आणि सोपी, पण ५६१ सारख्या काही संयुक्त संख्या तिला चकवतात. कधीच न चुकणारी आणि मोठ्या संख्यांनाही झेपणारी कसोटी २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. मूळ आहे की नाही हे सांगणे तत्त्वतः सोपे आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. अवयव काढणे मात्र अजूनही अवघडच.

सरावाला घटकराज्य दिनाची तारीख घ्या, ३० मे १९८७, म्हणजे ३००५१९८७. बेरीज ३३, म्हणून ३ ने भाग जातो. ९८७ − ५१ + ३० = ९६६, आणि ९६६ म्हणजे ७ × १३८, म्हणून ७ नेही जातो. उरतात १४,३१,०४७. भाचीने शंभरच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहिल्या, एकानेही भाग गेला नाही. वेस आहे ११९६ वर. काल रात्री तिचा फोन आला तेव्हा ती पुढची यादी तयार करत होती.